रंधा करायला शिकवणारी शाळा

उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फोर्ट ब्रॅग नावाचे एक लहान गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे गाव रेडवुडच्या अजस्र वृक्षांच्या तोडीवर जगत आले. समुद्राकाठची लाकडाची गिरणी हाच गावाच्या पोटापाण्याचा आधार. या गावात १९८१ साली एक सुतारशाळा सुरू झाली. शाळा म्हणजे खरे तर कॉलेज ऑफ द रेडवुड्स या सार्वजनिक महाविद्यालयाचा नऊ महिन्यांचा एक अभ्यासक्रम. दर वर्षी वीस-बावीस विद्यार्थी, प्रत्येकाला एक बाक, आणि मागच्या बाजूला यंत्रांची खोली. येथे दाखल होणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी खुर्ची किंवा कपाट करायला घेत नाही. तो आधी पात्याला धार लावायला शिकतो. मग लाकडाचा एक ठोकळा घेऊन त्याच्या दोन्ही बाजू चिरून वेगळ्या करतो, मधल्या भागात पाते बसण्यापुरता उतार कापतो, बाजू पुन्हा सरसाने जोडतो आणि स्वतःचा रंधा तयार करतो. रंधे बाजारात मिळतात, आणि चांगले मिळतात. तरीही वर्षभर जे काम करायचे त्याचे हत्यार आधी स्वतः घडवायचे, असा या शाळेचा शिरस्ता आहे.

मराठीच्या अध्यापकाने या शाळेविषयी लिहावे याला कारण आहे. ही शाळा एका पुस्तकातून जन्मली. तेही कसल्या पुस्तकातून, तर ज्याच्या लेखकाला आपले काम शब्दांत पकडता येत नाही याची जाणीव पानोपानी छळत होती अशा पुस्तकातून. जेम्स क्रेनोव्ह या कारागिराचे ‘अ कॅबिनेटमेकर्स नोटबुक’ १९७६ साली प्रसिद्ध झाले. त्यात मापांचे आराखडे नाहीत, ‘असे करा, मग तसे करा’ या प्रकारचे धडे नाहीत. लाकडाची फळी हातात घेतल्यावर माणसाच्या मनात काय चालते, कोठे थांबावे, किती गुळगुळीत करावे आणि किती करू नये, यांविषयीची ती एक लांबलेली स्वगते आहेत. ती वाचून दूरदूरचे लोक अस्वस्थ झाले. काहींनी नोकऱ्या सोडल्या. फोर्ट ब्रॅगच्या परिसरातील काही कारागिरांनी लेखकाला पत्रे घातली, व्याख्यानांना बोलावले, आणि शेवटी गावात आणूनच बसवले. जे पुस्तकात मावत नाही ते शिकवण्यासाठी पुस्तकानेच शाळा उभी करवली! साहित्याच्या वर्गात उभे राहणाऱ्या कोणालाही या विरोधाभासाशी आपले काही नाते आहे असे वाटल्याखेरीज राहणार नाही.

परंतु क्रेनोव्ह आकाशातून पडला नव्हता. त्याच्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा एक वाद उभा होता. सुतारकाम शाळेत शिकवायचे ते कशासाठी, हा तो वाद.

त्याची सुरुवात उत्तर युरोपात झाली. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस या शिक्षणतज्ज्ञाने लोकशाळांच्या अभ्यासक्रमात हस्तकामाला स्थान मिळवून दिले; १८६६ च्या कायद्याने ते तेथे सक्तीचे झाले. स्वीडनमध्ये हीच कल्पना उचलून तिला शास्त्राचे रूप दिले ते ओटो सालोमन (१८४९–१९०७) याने. त्याचा मामा ऑगस्ट अब्राहमसन हा धनिक व्यापारी होता. गोटेनबर्ग शहराजवळ नेस नावाची त्याची जहागीर होती. त्या जहागिरीवर १८७० च्या दशकात मामा-भाच्यांनी शाळा काढली आणि पुढे तिचे रूपांतर शिक्षकांच्या प्रशिक्षणकेंद्रात झाले. या शिक्षणपद्धतीला स्वीडिश भाषेतील ‘स्लॉइड’ हाच शब्द जगभर रूढ झाला. हातातले कसब, हुन्नर असा त्या शब्दाचा मूळ भाव आहे. युरोपभरातून, अमेरिकेतून, जपानमधूनही शिक्षक नेसला येऊन काही आठवडे लाकूड तासून गेले.

सालोमनचा पहिला आग्रह चाकूचा होता. करवत नाही, रंधा नाही. शेतकऱ्याच्या घरात असतो तसा एक साधा चाकू. त्याने आधी फळ्यावर बोट दाखवण्यासारखी काडी तासायची, मग कुंडीतल्या रोपाला आधार देणारी छडी, मग चमचा, अशी सोप्याकडून अवघडाकडे जाणारी वस्तूंची माळच त्याने आखून ठेवली होती. प्रत्येक वस्तू घरात उपयोगी पडणारी हवी, चैनीची नको. आणि ती संपूर्णपणे मुलाच्या हातची हवी. शिक्षकाने तिला हात लावायचा नाही. ज्यांनी कधी विद्यार्थ्याचा निबंध तपासताना लाल शाईने तो स्वतःच नव्याने लिहून काढला असेल, त्यांना या शेवटच्या अटीतली शिस्त किती कठीण आहे ते समजेल.

सालोमनने आणखी दोन निर्णय घेतले आणि पुढचा सगळा इतिहास त्या दोन निर्णयांभोवती फिरत राहिला. त्या काळी स्वीडनमध्ये ग्रामीण गृहोद्योग मोडकळीस येत होते, आणि मुलांना हस्तकाम शिकवले तर त्यांना चार पैसे मिळतील असा ‘आर्थिक स्लॉइड’चा विचार प्रबळ होता. सालोमननेही सुरुवात तेथूनच केली होती, पण तो लवकरच त्या विचारापासून दूर झाला. हस्तकाम हे मुलाच्या घडणीसाठी आहे, कमाईसाठी नाही. त्यातून लक्ष एकाग्र करण्याची सवय, नेटकेपणा, स्वावलंबन, श्रमाविषयीचा आदर हे निपजावे, सुतार निपजावा अशी अपेक्षाच नाही, असे त्याने ठरवले. दुसरा निर्णय याच्याच पोटातून आला. स्लॉइड शिकवणारा माणूस प्रशिक्षित शिक्षक असावा. कारागीर असू नये. कारागिराचे लक्ष वस्तूवर असते, शिक्षकाचे मुलावर, असा त्याचा युक्तिवाद होता. युक्तिवादात तथ्य आहे. पण त्याची परिणती अशी झाली की सुतारकाम शाळेत आले आणि सुतार दाराबाहेर राहिला.

हेच स्लॉइड अटलांटिक ओलांडून बोस्टनला पोचले. तेथे पॉलीन अगासिझ शॉ या दानशूर स्त्रीने १८८१ साली नॉर्थ एंड या स्थलांतरितांच्या वस्तीत एक संस्था सुरू केली होती, आणि नेसला शिकलेला गुस्ताफ लार्सन १८८८ साली बोस्टनला आल्यावर त्याच्या स्लॉइड प्रशिक्षणालाही तिनेच पैसा पुरवला. पण इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांच्या गल्ल्यांत ‘घडणीसाठी हस्तकाम’ ही भाषा फार काळ टिकणे शक्य नव्हते. तेथे लोकांना काम हवे होते. शॉबाईंची नॉर्थ बेनेट स्ट्रीट ही संस्था हळूहळू धंदेशिक्षणाकडे वळली, आणि आजही ती फर्निचर, पियानोदुरुस्ती, व्हायोलिन, पुस्तकबांधणी असे हुन्नर शिकवते. तेथील फर्निचरच्या विद्यार्थ्याची सुरुवात हत्यारे ठेवण्याच्या पेटीने होते. फोर्ट ब्रॅगला रंधा, बोस्टनला पेटी. आपण या धंद्यात राहणार आहोत, हत्यारे सांभाळणार आहोत, हे पेटी करणाऱ्याने गृहीत धरलेले असते. रंधा करणाऱ्याचे तसे असतेच असे नाही.

स्वीडनमध्ये मात्र या वादाला तिसरे वळण मिळाले. कार्ल माल्मस्टेन (१८८८–१९७२) हा फर्निचरचा रचनाकार १९१६ साली स्टॉकहोमच्या नगरभवनासाठी झालेल्या स्पर्धेत बक्षिसे मिळवून एकदम प्रसिद्धीस आला. जुन्या स्वीडिश घरांतील आणि निसर्गातील आकारांवर त्याचे प्रेम होते. १९३० साली स्टॉकहोममध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाने पोलाद, काच आणि कार्यवाद यांचा जयघोष केला, तेव्हा माल्मस्टेन उघडपणे विरोधात उभा राहिला. त्याच वर्षी त्याने आपली कार्यशाळा-शाळा सुरू केली, हा योगायोग मानायला मी तयार नाही. यंत्रयुगाला उत्तर द्यायचे तर ते लेखातून नव्हे, बाकावरून द्यायचे, असे त्याने ठरवलेले दिसते. सालोमनला मूल घडवायचे होते, बोस्टनला कामगार. माल्मस्टेनला उत्तम कारागीर घडवायचे होते, आणि त्यासाठी त्याने शिकवायला कारागीरच ठेवले. तेथे पूर्ण मापाचे आराखडे काढायचे, ते काटेकोरपणे उतरवायचे, केसभरही चूक चालवून घ्यायची नाही, अशी कडक शिस्त होती. पुढे ही शाळा विद्यापीठीय व्यवस्थेत सामावली गेली. २००० पासून ती लिंकोपिंग विद्यापीठाचा भाग आहे.

या शाळेत १९५७ साली सदतिशीला टेकलेला एक विद्यार्थी येऊन दाखल झाला.

क्रेनोव्हचे तोवरचे आयुष्य म्हणजे एक भटकंतीच होती. १९२० साली सैबेरियाच्या पूर्व टोकाला चुक्ची किनाऱ्यावर त्याचा जन्म झाला. आईवडील रशियन. क्रांतीनंतरच्या धामधुमीत हे कुटुंब शांघायमार्गे अलास्काला पोचले. तेथील आदिवासी वस्तीत चाकूने खेळणी कोरत या मुलाचे बालपण गेले. सालोमनचा चाकू त्याच्या हाती असा सालोमनविनाच आला. पुढे सिएटल, तेथल्या गोद्यांमधले नौकाबांधणीचे काम, दुसऱ्या महायुद्धात रशियन जहाजांवर दुभाष्याची नोकरी, आणि १९४७ मध्ये स्वीडन. स्वीडनमध्ये त्याने कारखान्यात काम केले, ब्रिटा या तरुणीशी लग्न केले, तिच्यासोबत इटलीत हिंडला आणि त्या प्रवासावर स्वीडिश भाषेत एक पुस्तकही लिहिले. म्हणजे लाकडाकडे वळण्याआधी हा माणूस लेखक होता, आणि तोही तिसऱ्या भाषेतला लेखक. मातृभाषा रशियन, वाढ इंग्रजीत, पहिले पुस्तक स्वीडिशमध्ये. ज्याला कोणतीच भाषा पूर्णपणे आपली नाही, त्याला हातांच्या भाषेची ओढ लागावी हे मला स्वाभाविक वाटते. अर्थात हा माझा तर्क आहे.

माल्मस्टेनच्या शाळेत तो दोन वर्षे होता. तेथे त्याला शिकवणारा गेओर्ग बोलिन हा फर्निचरइतकाच गिटार आणि ल्यूट या वाद्यांचा नामांकित कारागीर होता. वाद्य करणाऱ्याला लाकडाचा आवाज ऐकावा लागतो. फळी किती पातळ करावी याचे उत्तर त्याला मोजपट्टी देत नाही, बोटांनी वाकवून पाहताना आणि टिचकी मारताना मिळते. क्रेनोव्हने पुढे आयुष्यभर जे सांगितले त्याची मुळे माल्मस्टेनच्या आराखड्यांपेक्षा बोलिनच्या बोटांत शोधावीत असे मला वाटते. कारण शाळेतून बाहेर पडल्यावर त्याने पहिली गोष्ट टाकली ती आराखडाच. स्टॉकहोमच्या उपनगरात घराच्या तळघरात त्याने कार्यशाळा मांडली आणि फळ्या समोर ठेवून, त्या हलवून, अदलून-बदलून, टाकाऊ लाकडाचा कच्चा सांगाडा उभा करून, वस्तू कशी होऊ पाहते आहे याचा अंदाज घेत काम करू लागला. या पद्धतीला त्याने संगीतातला शब्द वापरला. रचना बांधणे या अर्थाचा.

त्याने केलेल्या वस्तू लहान आहेत. भिंतीला टांगायची किंवा उंच सडपातळ पायांवर उभी असलेली कपाटे, छोटे खण, काही पेट्या. व्हिनिअरसुद्धा तो बाजारातून आणत नसे. मौल्यवान फळी स्वतः पट्टा-करवतीवर चिरून तिचे जाडसर पापुद्रे काढी आणि ते कपाटाच्या दोन दारांवर असे बसवी की एका दाराच्या नसा दुसऱ्या दारात पुढे चालू राहाव्यात. दाराची खिटी लाकडाची, ती लावताना होणारा हलका आवाजही योजलेला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पृष्ठभागावर तो शक्यतो काचकागद फिरवत नसे. धारदार रंध्याने कापलेले तंतू स्वच्छ असतात आणि प्रकाशात चमकतात. काचकागद त्यांना ओरबाडतो आणि सगळ्या कडा सारख्याच बोथट करून टाकतो. बोट फिरवल्यावर कडेला हातोटीची सूक्ष्म चढउतार लागली पाहिजे, असे तो मानी. संपादनाचा अतिरेक झालेला लेख ज्यांनी वाचला आहे त्यांना काचकागद म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

आता रंध्याकडे पुन्हा येता येईल. स्वतःचा रंधा करायला लावण्यामागे हत्यारप्रेमापेक्षा वेगळा हेतू होता. रंधा नीट चालण्यासाठी पात्यापुढची फट कागदाच्या जाडीएवढी अरुंद लागते, तळ सपाट लागतो, पाते आपल्या उतारावर घट्ट बसावे लागते. हे सारे स्वतः केलेल्या माणसाला, काम करताना लाकूड ओरखडले तर चूक कोठे आहे हे कळते. पाते बोथट झाले, की फट रुंद आहे, की आपण नसांच्या उलट दिशेने चाललो आहोत. आणि लाकडी रंध्याची पाठ प्रत्येकाने आपापल्या तळव्याप्रमाणे घासून गोल केलेली असल्याने दुसऱ्याचा रंधा हातात नीट बसत नाही. विद्यार्थ्याला सांगण्यासारखे जे होते ते रंधा सांगत असे, गुरूला फार बोलावे लागत नसे.

गुरू मात्र बोलत असे, आणि पुष्कळ बोलत असे. क्रेनोव्ह हळवा, संतापी आणि चटकन दुखावला जाणारा माणूस होता, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही सांगून ठेवले आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील काही कलासंस्थांत त्याने शिकवून पाहिले; जमले नाही. तो काळ तेथे फर्निचरला शिल्पाचा दर्जा मिळवून देऊ पाहणाऱ्यांचा होता. वेंडेल कॅसलसारखे कलावंत लाकडाचे थर चिकटवून त्यातून महाकाय आकार कोरत होते. क्रेनोव्हला हा सारा आरडाओरडा वाटे. त्याच्या वाचकांना मात्र दुसरेच काही हवे होते. १९७५ साली निघालेल्या ‘फाइन वुडवर्किंग’ या नियतकालिकाभोवती हौशी सुतारांचा एक मोठा वर्ग जमा होत होता, आणि व्हिएतनाम युद्धानंतरच्या त्या पिढीला कारखाना आणि कचेरी या दोहोंचाही वीट आलेला होता. फोर्ट ब्रॅगला पहिल्या वर्षांत येणारे पुष्कळसे विद्यार्थी या पिढीतले होते.

येथे मला या शाळेविषयीचा पहिला आक्षेप नोंदवायचा आहे. तो नवा नाही. फोर्ट ब्रॅगच्या विद्यार्थ्यांनी केलेली कपाटे पाहिली तर त्यांतली कितीतरी क्रेनोव्हच्या कपाटांची भावंडे वाटतात. तेच सडपातळ पाय, तीच किंचित वळलेली दारे, आत तसेच दोन छोटे खण. स्वतःच्या डोळ्याने पाहा, असे सांगणाऱ्या गुरूचे शिष्य गुरूच्या डोळ्यानेच पाहू लागले. आपल्याकडे संगीतातील घराण्यांच्या बाबतीत हा प्रश्न शतकभर चर्चिला गेला आहे, आणि नवकवितेनंतर मर्ढेकरांची लकब उचलणाऱ्यांच्या बाबतीत समीक्षेने तो विचारलेला आहे. परंतु मला वाटते, अनुकरण ही शिक्षणाची विकृती नसून त्याचा एक अटळ टप्पा आहे. दार नीट लागत नाही तोवर ते कोणासारखे दिसते याला अर्थ नाही. माल्मस्टेनच्या शाळेत दोन वर्षे दुसऱ्याचे आराखडे उतरवल्याशिवाय क्रेनोव्हला आराखडा टाकता आला असता, यावर माझा विश्वास नाही. त्याने ही गोष्ट आपल्या पुस्तकांत पुरेशी ठसवली नाही, एवढी तक्रार करता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्रेनोव्ह स्वतःला हौशी म्हणवून घेई. त्याच्या एका पुस्तकाच्या नावातच ‘अव्यवहारी’ असा शब्द आहे. ऑर्डरी घेऊन, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या किमतीत काम करणे म्हणजे कामाचा आत्मा विकणे, असा त्याचा सूर असतो. पण तळघरातील त्या वर्षांत घर चालले ते बऱ्याच अंशी ब्रिटाच्या नोकरीवर. ही गोष्ट त्याने लपवली नाही, पण तिचा अर्थही कधी पूर्णपणे उलगडून पाहिला नाही. आणि फोर्ट ब्रॅगच्या शाळेपासून काही अंतरावर, त्याच गावात, लाकडावरच पोट असणारे शेकडो गिरणीकामगार होते. त्यांच्या दृष्टीने लाकूड म्हणजे फुटांत मोजायचा माल. एकाच गावात लाकडाचे हे दोन संसार शेजारी शेजारी नांदत होते, आणि त्यांच्यात बोलणे फारसे नव्हते. सालोमनने सुताराला वर्गाबाहेर ठेवले होते. क्रेनोव्हने कारागिराला पुन्हा वर्गात आणले, पण कमाईची सक्ती मात्र सालोमनप्रमाणेच दाराबाहेर ठेवली.

याच मुद्द्यावर हा परदेशी इतिहास आपल्या अंगणात येतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली. गांधीजींनी उद्योगकेंद्री शिक्षणाची कल्पना तेथे मांडली, आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा तयार केला. मूलोद्योगांच्या यादीत सूतकताई-विणकामाबरोबर सुतारकामही होते. हाताच्या कामातून मन घडते, हे सूत्र नेसच्या सूत्राहून फार दूरचे नाही. पण जेथे सालोमनने आर्थिक बाजू सोडून दिली, नेमकी तीच गांधीजींनी हट्टाने धरली. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही त्यांच्या लेखी योजनेची कसोटी होती. परिषदेतच अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी हरकत घेतली की शाळांचा हा माल गरीब कारागिरांच्या मालाशी स्पर्धा करील. हरकत रास्त होती. तरीही मला गांधीजींच्या हट्टामागे एक खोल जाण दिसते. ज्या समाजात सुतारकाम ही एका जातीला वाटून दिलेली चाकरी आहे, तेथे ‘घडणीसाठी हस्तकाम’ ही चैन ठरण्याचा धोका होता. सर्वांनी करायचे, आणि ते खरोखर विकले जाईल इतके चांगले करायचे, या दोन अटींशिवाय त्याला प्रतिष्ठा आली नसती. आपण दोन्ही अटी मोडल्या. योजना कागदोपत्री उरली, हस्तकामाचा तास वेळापत्रकात कोपऱ्यात गेला आणि पुढे रद्दी कागदाच्या फुलांपर्यंत घसरला.

आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गाकडून मी ‘माझ्या घरातील शब्द’ या विषयावर टिपणे लिहून घेतली होती. व्यवसायांची परिभाषा गोळा व्हावी, एवढाच उद्देश. एका मुलाने शेतीतील शब्द लिहून आणले, आणि ते ढोबळ होते. नांगर, कुळव, पाभर, पुस्तकातही सापडतील असे. नंतर दुसऱ्याच निमित्ताने कळले की त्याचे वडील सुतार, आजोबाही गावचे सुतार, आणि ती अवजारे त्यांच्या घरात वापरली जात नव्हती, बनवली जात होती. वाकस, किंकरे, पटाशी, गिरमिट, कुसू हे शब्द त्याला येत होते. त्याने ते लिहिले नाहीत इतकेच. मी त्याला कारण विचारले नाही. विचारायला हवे होते की नको, याविषयी माझे मत अजूनही ठरत नाही. फोर्ट ब्रॅगला एखादा पदवीधर नोकरी सोडून, शुल्क भरून जे शिकायला जातो, ते या मुलाला घरी फुकट मिळत होते आणि ते तो दडवत होता. क्रेनोव्हच्या विद्यार्थ्याने सुतार व्हायचे ठरवले तर तो एक निर्णय असतो. बलुतेदाराच्या मुलाकडे तो निर्णय कधी आलाच नाही, म्हणून त्याचा अभिमानही त्याच्या वाट्याला आला नाही.

म्हणून क्रेनोव्हची पुस्तके मी दोन मनांनी वाचतो. लाकडाविषयी इतक्या कोवळिकीने लिहिलेले गद्य दुर्मीळ आहे, आणि आपल्याकडील पिढीजात कारागिराने असे गद्य लिहिले नाही याची हळहळ वाटते. त्याच वेळी हेही दिसते की असे लिहायला जी फुरसत आणि जी बरोबरीची खात्री लागते, ती आपण त्याला कधी दिली नाही.

फोर्ट ब्रॅगची लाकूडगिरणी २००२ साली बंद झाली. त्याच वर्षी क्रेनोव्ह शाळेतून निवृत्त झाला. त्याने घडवलेल्या विद्यार्थ्यांपैकीच काही जण तेथे शिकवू लागले. २०१७ मध्ये हा अभ्यासक्रम मेंडोसिनो कॉलेज या दुसऱ्या महाविद्यालयाकडे गेला आणि शाळेला क्रेनोव्हचे नाव मिळाले. गिरणीची समुद्राकाठची जमीन मोकळी झाली. निवृत्तीनंतरही तो घरच्या कार्यशाळेत काम करीत राहिला. पुढे दृष्टी मंदावली, कपाटांच्या नसा जुळवणे डोळ्यांना जमेना. तेव्हा त्याने कपाटे थांबवली आणि तो रंधे करू लागला. रंध्याची पाठ बोटांनी चाचपून घडवता येते. २००९ च्या सप्टेंबरात तो गेला, त्याच्या थोडेच आधीपर्यंत हे काम चालू होते. त्याने केलेले ते रंधे दूरदूरचे सुतार विकत घेत, आणि पाठ आपल्या तळव्याला बसत नसली तरी ती घासून बदलत नसत.